सिलेनची सुरगाठ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या मागच्या रविवारच्या पुरवणीत वाळूपासून चिप कशी तयार होते हे सांगणारा पानभर लेख आला होता. लेख वाचनीय होता, चित्रंही छान होती. पण त्यात सिलेन या वायूच्या वाट्याला एकच वाक्य आलं: 'मिथेनचा जुळा भाऊ असलेला सिलेन हा वायू वाळू वितळवताना बाहेर पडतो.' एका वाक्यात दोन चुका. शेजारी 'सावधान' अशी लाल चौकट होती, तिच्यात तिसरी. पहिल्या दोन मी सोडून दिल्या असत्या. एकतीस वर्षं अकरावी-बारावीचे पेपर तपासले की माणूस सोशिक होतो. पण चौकटीत लिहिलंय की सिलेन गळून पेटला तर स्वयंपाकाच्या गॅससारखंच समजून आग लगेच विझवावी. हे वाचून एखाद्याने खरंच तसं केलं तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून हे पत्र. लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मी कणकवलीच्या बाजूची. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. आमच्या तालुक्यात कासार्डे, फोंडा या भागात सिलिकाची वाळू निघते. पांढरी, चमकणारी, काच कारखान्यांना आणि ओतकामाच्या साच्यांना जाणारी. रस्त्यावर तिचे डंपर इतके धावतात की आमच्या मुलांना सिलिका म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते त्या वाळूत सिलिकॉनने ऑक्सिजनला किती घट्ट धरून ठेवलंय, हे. आणि सिलिकॉनच्या हातात ऑक्सिजनऐवजी हायड्रोजन दिला तर काय होतं, हे तर दाखवावंच लागतं. नुसतं सांगून पोरं विश्वास ठेवत नाहीत.

ते दाखवायचा प्रयोग जुना आहे. बारीक, कोरडी वाळू आणि मॅग्नेशियमची पूड, मॅग्नेशियम जरा जास्तच, जाड काचेच्या परीक्षानळीत घालून तापवायचं. एका टोकाला लाल ठिणगी दिसते आणि मग ज्योत काढून घेतली तरी ती लाली आपली आपण नळीभर पसरत जाते. मॅग्नेशियम वाळूतला ऑक्सिजन ओढून घेतं, आणि जे मॅग्नेशियम उरतं ते मोकळ्या झालेल्या सिलिकॉनला धरतं. नळी गार झाली की ती फोडायची (ती तशीही कामातून गेलेलीच असते), आतला करडा-निळसर चुरा घ्यायचा आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाच्या चंचुपात्रात चिमूटभर टाकायचा. बुडबुडे वर येतात. प्रत्येक बुडबुडा पाण्याबाहेर आला की फट्! पिवळी ठिणगी, आणि वर पांढऱ्या धुराचं एक लहानसं कडं. कोणी काडी लावलेली नाही, जवळ दिवा नाही. बुडबुड्यातल्या सिलेनला हवा लागली, एवढंच.

पहिल्या बाकावरचा एखादा मुलगा हमखास विचारतो, "बाई, धूर कसला?" मी म्हणायची, "वाळूचाच." एक सिलिकॉन आणि चार हायड्रोजन असा तो सिलेनचा रेणू जळाला की पाणी आणि सिलिका तयार होते. मघाशी नळीत घातलेली कासार्ड्याची वाळू पाच मिनिटांत वायू होऊन, जळून, पुन्हा वाळू होऊन वर्गाच्या हवेत तरंगत असायची. हे समजलं की मागच्या बाकांवरची कुजबुज थांबायची.

या प्रयोगात वाळू कोरडी हवी, अगदी खडखडीत. कोकणात जुलै महिन्यात कोरडं काही मिळत नाही, मीठसुद्धा पाणी सोडतं. मी घरून वाळू तव्यावर भाजून, गरम असतानाच बरणीत भरून न्यायची. सासूबाई म्हणायच्या, "चणे भाजायला घ्यायची ती वाळू ही आता कॉलेजात नेते." एका वर्षी घाईत भाजायचं राहिलं. कपाटातली उघडी राहिलेली वाळू घेतली, दिसायला कोरडीच होती. नळी तापली, आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ झाली, मॅग्नेशियमने त्या पाण्यातला हायड्रोजन मोकळा केला, आणि नळीतला सगळा माल तोफेच्या गोळ्यासारखा सरळ छताला. सुदैवाने नळीचं तोंड मुलांकडे नव्हतं. ते कधीच नसायचं, तेवढी शिस्त होती. माझ्या पदराला सात भोकं पडली आणि छतावर थाळीएवढा करडा डाग. आमचे प्रयोगशाळा परिचर आवाज ऐकून धावत आले, वर बघितलं आणि म्हणाले, "बाईनू, छप्पर शिकवूक घेतलास काय?" इमारतीला दोनदा रंग दिला तरी तो डाग अंधुक दिसतो, असं परवाच कोणी सांगितलं. त्या दिवसापासून वाळू भाजल्याशिवाय मी काडी पेटवली नाही. ही चूक पूर्णपणे माझी होती, आणि ती मी दर वर्षी नव्या वर्गाला सांगत आले. घरी कोणी हा प्रयोग करू नये हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

आता 'जुळा भाऊ'. आवर्त सारणीत सिलिकॉन कार्बनच्या बरोबर खाली आहे हे खरं. दोघांनाही चार हात. मिथेनमध्ये कार्बनने चार हायड्रोजन धरलेत, सिलेनमध्ये सिलिकॉनने. कागदावर आकृती काढली तर मधलं अक्षर सोडून फरक नाही. पण आमच्या गावात घरोघरी गोबरगॅसच्या टाक्या आहेत. त्यातला मिथेन नळीने स्वयंपाकघरात येतो, शेगडीशी हवेत मिसळतो आणि आपण लायटर मारेपर्यंत मुकाट वाट बघतो. ५०० अंशांच्या वर तापल्याशिवाय तो आपणहून पेटत नाही. सिलेन खोलीच्या तापमानाला, नुसत्या हवेने पेटतो. असले जुळे भाऊ एका घरात ठेवून बघा.

फरक कुठे आहे, तर हायड्रोजन कोणाकडे झुकतो यात. इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची ताकद पॉलिंगच्या मोजपट्टीवर कार्बनची २.५५, हायड्रोजनची २.२० आणि सिलिकॉनची १.९०. म्हणजे मिथेनमध्ये कार्बन वरचढ, हायड्रोजन किंचित धन. सिलेनमध्ये उलटं: हायड्रोजन वरचढ, तोच किंचित ऋण आणि सिलिकॉन धन. त्यात सिलिकॉनचा अणू मोठा, त्याच्याभोवती शिरकाव करायला जागा भरपूर. ऑक्सिजन किंवा पाणी आलं की थेट सिलिकॉनच्या अंगावर जातं. बंधही सैल: कार्बन-हायड्रोजन तोडायला मोलमागे सुमारे ४१३ किलोजूल लागतात, सिलिकॉन-हायड्रोजनला ३१८च्या आसपास. आणि तो सुटून सिलिकॉन-ऑक्सिजन जुळला की तो बंध सुमारे ४५२चा. इतका फायद्याचा सौदा समोर असताना सिलेन कशाला थांबेल?

वर्गात मी एवढे आकडे सांगून झाले की परकराची नाडी आठवायला सांगायची. मुली हसायच्या, मुलं खाली बघायची. मिथेन म्हणजे निरगाठ: नखं तुटली तरी सुटत नाही. सिलेन म्हणजे सुरगाठ: एक टोक ओढलं की मोकळी. गाठ दोन्हीकडे आहे, दोरीही जवळपास तशीच. परीक्षेत काही मुलांनी 'सुरगाठ बंध' असं लिहूनही ठेवलं. मी अर्धा गुण दिला.

सिलेनच्या पुढेही भावंडं आहेत. दोन सिलिकॉनचा डायसिलेन, तीनचा ट्रायसिलेन, अशी साखळी. डायसिलेन उणे १४ अंशांना उकळतो, ट्रायसिलेन ५३ अंशांना, म्हणजे आपल्याकडे तो द्रव; आणि हवेत तोही पेटतो. साखळी वाढेल तसा सिलिकॉन-सिलिकॉन बंधांचा कमकुवतपणा अंगाशी येतो. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात या सगळ्या कुळाला एक वाक्य दिलंय: सिलिकॉन हायड्रोजनबरोबर सात-आठ अणूंपर्यंतच्या साखळ्यांची संयुगं बनवतो, पण ती फार क्रियाशील असतात. बस्स. पुढचं पान लगेच कार्बनच्या कौतुकाकडे. त्या 'पण'मध्ये सिलिकॉन नापास झाला असाच सूर लागतो. माझी तक्रार तुमच्या लेखाइतकीच या वाक्याबद्दलही आहे. क्रियाशील आहे म्हणूनच तर हा वायू कामाचा आहे. निरगाठीचं काम निराळं, सुरगाठीचं निराळं. गुरं बांधणाऱ्याला विचारा, तो दाव्याला कुठली गाठ मारतो आणि का.

थोडा इतिहास, कारण यातली दोन माणसं मुलांना आधीपासून माहीत असतात आणि तरी माहीत नसतात. सिलेन पहिल्यांदा सापडला १८५७ साली जर्मनीत, फ्रीडरिश वोलर आणि हाइनरिश बुफ यांना. वोलर म्हणजे तोच, १८२८मध्ये युरिया बनवून सेंद्रिय रसायनाचं दार उघडणारा. प्रत्येक अकरावीच्या मुलाने त्याचं नाव घोकलेलं असतं. त्याच माणसाच्या हातून तीस वर्षांनी कार्बनऐवजी सिलिकॉनचा हायड्राइड (हायड्रोजनबरोबरचं संयुग) निघाला, हे मात्र कोणी सांगत नाही.

दुसरा आल्फ्रेड स्टॉक. आयर्न क्लोराइड लिहिताना कंसात रोमन तीन लिहितो ना, ती पद्धत याची. पुस्तकात 'स्टॉक अंकन' म्हणून येते. याने १९१६च्या सुमारास मॅग्नेशियम सिलिसाइडवर (नळीतला तो करडा-निळसर चुरा हाच) आम्ल घालून, म्हणजे आमच्या वर्गातल्याच प्रयोगाने, निघणारे वायू एकेक करून वेगळे केले. मिळालेल्या हायड्राइडांत सुमारे ४० टक्के सिलेन, ३० टक्के डायसिलेन आणि उरलेल्यात पुढची भावंडं. 'सिलेन' हे नावही त्याचंच. जो वायू हवा लागताच पेटतो तो वेगळा कसा करायचा? स्टॉकने काचेच्या नळ्यांचं बंद जाळं उभं केलं, आतली हवा पूर्ण काढून टाकली, आणि वायू एका काचेच्या फुग्यातून दुसऱ्यात गोठवत-उकळवत नेले. झडपांना ग्रीस लावलं तर या वायूंनी ते बिघडवलं असतं, म्हणून झडपा पाऱ्याच्या. पंपही पाऱ्याचे.

आणि त्या पाऱ्याने त्याला खाल्लं. डोकेदुखी, चक्कर, ऐकू कमी येणं, आणि विसरणं, नावं, आकडे, काल वाचलेलं. वर्षानुवर्षं कारण कळलं नाही. १९२४मध्ये उलगडा झाला की प्रयोगशाळेच्या हवेतच पाऱ्याची वाफ आहे. १९२६मध्ये त्याने स्वतःच्या आजाराची हकीकत छापली आणि उरलेलं आयुष्य इतर रसायनशास्त्रज्ञांना सावध करण्यात घालवलं. मी हे वाचलं तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतल्या खणात पाऱ्याची बाटली होती, आणि आमच्या पिढीत तुटलेल्या थर्मामीटरचा पारा तळहातावर घेऊन पळवणं हा मोकळ्या तासाचा खेळ होता. दुसऱ्याच दिवशी ती बाटली कुलुपात गेली.

आता लेखातली दुसरी चूक, वाळू वितळवताना सिलेन बाहेर पडतो ही. नाही पडत. सिलिकॉन काढायच्या विजेच्या भट्टीत गारगोटीचे खडे आणि कोक घालून २,००० अंशांच्या घरात तापवतात. तिथून निघतो तो कार्बन मोनॉक्साइड. सिलेन तर तापला की सुटतो: ४०० अंशांच्या पुढे गेला की सिलिकॉन वेगळा, हायड्रोजन वेगळा. भट्टीतून मिळणारा सिलिकॉन ९८-९९ टक्के शुद्ध असतो. मिश्रधातूला चालेल, चिपला चालणार नाही. चिपला हवा असतो तो असा, की शंभर कोटी अणूंत एखादाच परका. घन पदार्थ इतका निवडायचा कसा? तांदूळ निवडावेत तसं तर करता येत नाही.

इथे हायड्रोजन उपयोगी पडतो. भुकटी केलेल्या सिलिकॉनवर ३०० अंशांच्या आसपास हायड्रोजन क्लोराइड सोडला की ट्रायक्लोरोसिलेन तयार होतो: सिलिकॉनला तीन क्लोरीन आणि एकच हायड्रोजन. हा द्रव ३२ अंशांना उकळतो. कणकवलीत एप्रिलच्या दुपारी बाटली उघडी ठेवली तर आपणहून उकळायला लागेल. जे इतक्या सहज उकळतं ते ऊर्ध्वपातनाने हवं तितकं शुद्ध करता येतं. आमच्या शेजारच्या गोव्यात काजूच्या रसाचं जे करतात तेच, फक्त शंभर पट काटेकोर आणि प्यायचं नाही. बोरॉन, फॉस्फरस यांची क्लोराइडं मागे-पुढे निघून जातात. मग तो शुद्ध ट्रायक्लोरोसिलेन आणि हायड्रोजन बंद घंटेत, १,१०० अंशांना लाल तापलेल्या बारीक सिलिकॉनच्या सळ्यांवर सोडायचा. सुरगाठ सुटते, सिलिकॉन सळीवर साचतो, बोटाएवढी सळी मांडीएवढी होते. १९५०च्या दशकात जर्मनीत बसलेली ही पद्धत आजही चालते. काही कारखाने एक पायरी पुढे जाऊन ट्रायक्लोरोसिलेनपासून सिलेनच बनवतात आणि तो फोडून सिलिकॉन घेतात. वाळूपासून चिप, हे बरोबर. पण मधे एकदा त्या वाळूला वायू किंवा पाणचट द्रव व्हावं लागतं, आणि तो भाग तुमच्या पानभर चित्रात नव्हताच.

माझा एक जुना विद्यार्थी गुजरातेत सौर सेल बनवणाऱ्या कारखान्यात आहे. गणपतीला गावी आला की भेटतो. मागच्या वर्षी म्हणाला, "बाई, तुमचे फटाके आमच्याकडे सिलिंडरात भरून येतात." सिलिकॉनच्या चकचकीत चकतीवर पडणारा प्रकाश तिशी-पस्तिशी टक्के नुसता परत जातो. तो अडवायला ते चकतीवर सिलेन आणि अमोनिया यांच्या मिश्रणातून, विजेने चेतवलेल्या पोकळीत, सिलिकॉन नायट्राइडचा एक थर बसवतात. जाडी सुमारे ७५ नॅनोमीटर, केसाच्या हजाराव्या भागाएवढी. पॅनेलला जो निळसर-काळा रंग दिसतो तो या थराचा. गेल्या वर्षी सूर्यघर योजनेत आमच्या छपरावर तीन किलोवॉटची पॅनेलं बसली. ७८,००० रुपये अनुदान खात्यात आलं. बसवायला आलेला पोरगा म्हणाला, रंग काचेचा आहे. त्याला चहा दिला आणि अर्धा तास थांबवून घेतलं, बिचारा.

त्या थरात राहून गेलेला थोडा हायड्रोजनही फुकट जात नाही. सिलिकॉनच्या चकतीत जिथे एखाद्या अणूचा एक हात रिकामा राहिलेला असतो, तिथे वीज अडते. हायड्रोजन जाऊन तो रिकामा हात धरतो. याची खरी गंमत दिसते ती माझ्या टेबलावरच्या जुन्या कॅलक्युलेटरमध्ये. त्याच्या वरच्या बाजूला तपकिरी काचेच्या चार खिडक्या आहेत, दिव्याखाली धरलं की चालतो. त्यात स्फटिक नाही, विस्कळीत मांडणीचा सिलिकॉन आहे, आणि विस्कळीत म्हणजे जागोजाग रिकामे हात. नुसता सिलिकॉन असा साचवला तर तो विजेच्या कामाचा राहत नाही. १९६९मध्ये इंग्लंडात चिटिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो सिलेनमधून साचवला तेव्हा वागणूक सुधारलेली दिसली, कारण सिलेनमधला हायड्रोजन आत राहून रिकामे हात धरत होता. दर दहा अणूंमागे साधारण एक. १९७५मध्ये स्कॉटलंडात डंडीला स्पिअर आणि ल कोंबर यांनी त्यात हवी ती भेसळ करून दाखवली, पुढच्याच वर्षी अमेरिकेत कार्लसन आणि व्रॉन्स्कीने त्याचा सौर सेल केला. दोन-अडीच टक्केच कार्यक्षम, पण बेरजा-वजाबाक्यांना पुरे. माझ्या कॅलक्युलेटरवर एकतीस वर्षांच्या निकालांच्या सरासऱ्या निघाल्यात, एकदाही बॅटरी न घालता.

जाता जाता एक भाषेचं गाऱ्हाणं. तुमच्या लेखात चिपचा सिलिकॉन आणि बाळाच्या बाटलीच्या बुचाचा 'सिलिकॉन' एकाच अक्षरांत होता. इंग्रजीत शेवटच्या एका अक्षराचा फरक आहे, मराठीत तोही राहिला नाही. एक करडं, ठिसूळ मूलद्रव्य. दुसरा सिलिकॉन-ऑक्सिजनच्या साखळीचा मऊ, रबरी पदार्थ. दुसऱ्याला आपण 'सिलिकोन' म्हणू या, माझी फार दिवसांची सूचना आहे. हा सिलिकोनही आपल्या विषयाबाहेरचा नाही. बुचं, केकचे साचे, लवचीक उलथनी यांतला चांगल्या प्रतीचा सिलिकोन घट्ट होतो तो साखळीवरचे सिलिकॉन-हायड्रोजन बंध प्लॅटिनमच्या साक्षीने शेजारच्या साखळीच्या दुहेरी बंधाला जोडले जाऊन. बाहेर काहीच पडत नाही, म्हणून वासही नाही. बाथरूमच्या फटीत भरायची ट्यूब उघडली की व्हिनेगरचा वास येतो, ती घट्ट व्हायची रीत निराळी. तिथे ॲसेटिक आम्ल सुटतं. पुढच्या वेळी नाकाने ओळखा.

एक प्रश्न मात्र मला दर वर्षी यायचा: शेतात रात्री पेटणारे दिवे, ज्यांना आमच्याकडे भुताचे म्हणतात, ते सिलेनचे का? नाही. पृथ्वीवर ऑक्सिजन इतका आहे की मोकळा सिलेन जन्माला आला तरी टिकत नाही. अवकाशात तो सापडला १९८४मध्ये, सिंह राशीतल्या एका म्हाताऱ्या, कार्बनने भरलेल्या ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या ढगात. त्याच्या अवरक्त प्रकाशात सिलेनच्या खुणा मिळाल्या. तिथे ऑक्सिजन कार्बनने आधीच बळकावलेला असतो, त्यामुळे सिलेनची सुरगाठ ओढायला कोणी नाही.

आता चौकटीकडे. गळणाऱ्या गॅसची आग, स्वयंपाकाच्या गॅसची असो की सिलेनची, गळती थांबवता येत नसेल तर विझवायची नसते; सिलेनच्या बाबतीत तर हे जास्तच खरं. सिलेन जिथून गळतोय तिथेच जळत असेल तर ते त्यातल्या त्यात बरं. पुरवठा तोडता येत नसेल तर ती ज्योत विझवायची नाही. विझवली तर गळती चालूच राहते, वायू हवेत साचतो, आणि हवेत दीडेक टक्क्यापासून थेट नव्वदीच्या पुढेपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो स्फोटक असतो. जोराची गळती तर कधी कधी पेटतच नाही. साचते, आणि झडप बंद करताना वेग उतरला की एकदम उडते. माझ्या विद्यार्थ्याने सांगितलं, त्यांच्याकडे सिलेनची सिलिंडरं इमारतीबाहेर, तीन बाजूंनी भिंत आणि वर उघडं अशा जागी ठेवतात. नळ्या दुहेरी, सिलिंडर बदलण्याआधी आणि नंतर नायट्रोजनने धुवायच्या, आणि झडप दुरून बंद होते. आग लागली तर आधी माणसं लांब, मग झडप, आणि पाणी मारायचं ते लांबूनच, शेजारची सिलिंडरं गार ठेवायला. ज्योतीवर नाही. वापरून उरलेला सिलेनही तसाच सोडत नाहीत. एका पेटीत मुद्दाम जाळतात, आणि तिच्या फिल्टरात बारीक पांढरी भुकटी साठते. "पोती भरतात, बाई," तो म्हणाला. मी विचारलं, कसली? तो हसला. उत्तर त्याला अकरावीपासून पाठ होतं.

गुजरातेतल्या धोलेरा, साणंदच्या चिप-कारखान्यांच्या बातम्या आपण रोज छापता. पॅनेलचे कारखानेही वाढतायत. म्हणजे हे सिलिंडर वाहणारे ट्रक आपल्या महामार्गांवरून जाणार, आणि अपघात झाला तर पहिला पोचणार तो तिथल्या नगरपालिकेचा बंब. त्या बंबावरच्या माणसाने तुमची चौकट कापून भिंतीला लावलेली असू शकते. लोक लावतात, मी पाहिलंय.

तेव्हा एवढीच विनंती, की जागा कमी असेल तर वोलर आणि स्टॉक कापा, माझ्या पदराची भोकं कापा, तारा तर नक्कीच कापा. चौकटीची दुरुस्ती मात्र आतल्या पानावर 'खुलासा' म्हणून बारीक टायपात न छापता, होती तेवढ्याच लाल चौकटीत छापा.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका
कणकवली, जि. सिंधुदुर्ग

(नाव-पत्ता सोबत वेगळा दिला आहे, छापू नये. गावात सगळे ओळखतीलच.)